'व शिष्यवृंद' : पुण्यातली कथक नर्तिका, लंडन आणि दोनदा बांधलेली व्हिसाची फाइल

मी वकील नाही, व्हिसा एजंटही नाही. कार्यक्रमांचं मॅनेजमेंट करतो, म्हणजे हॉल बुक करणं, तबलजींची गाडी, लाइटवाल्याचं बिल असली कामं. तरी या केसमध्ये फाइल बांधायला सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतो म्हणून लिहितोय. जिची ही गोष्ट आहे तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत किंवा बदललेत. फीचे आकडे आणि नियम २०२५ मधले आहेत, ते बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या साइटवर स्वतः बघा.

पार्श्वभूमी

वय ३१, पुणे, कथक. रोहिणीताई भाटेंनी १९४७ मध्ये नृत्यभारती काढली तेव्हापासून पुण्यात कथकचं जे रान माजलंय त्यातलीच ही. सातव्या वर्षी घुंगरू, विशारद, अलंकार, नंतर गुरूंच्याच क्लासमध्ये लहान मुलींना शिकवणं आणि गुरूंच्या ग्रुपमधून कार्यक्रम. लग्न २०२१ मध्ये, नवरा आयटीत टेस्टिंगला, बाणेरला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू.

परदेशाचा अनुभव दोन वेळचा. २०१९ मध्ये अमेरिकेत मराठी मंडळांचा एक दौरा, त्यात ही ग्रुपमध्ये नाचायला, पी-३ व्हिसावर (अमेरिकेत लोककला, शास्त्रीय कला घेऊन जाणाऱ्या ग्रुपना हा मिळतो, अर्ज तिकडच्या संस्थेने करायचा असतो). आणि २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला दोन आठवडे, तिकडच्या एका छोट्या डान्स कंपनीच्या प्रॉडक्शनमध्ये तिचा एक डुएट होता. तेव्हा परमिटेड पेड एंगेजमेंट नावाचा वेगळा व्हिसा होता, ३१ जानेवारी २०२४ पासून तो साध्या व्हिजिटर व्हिसातच मिसळला. तिथून परत आली ती डोक्यात लंडन घेऊनच. तिथे कथकला खरंच जागा आहे, वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात वर्षानुवर्षं क्लास चालतात, आयएसटीडीसारख्या नृत्यशिक्षकांच्या जुन्या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षांमध्ये कथक आहे, आणि अक्रम खानसारखा नावाजलेला ब्रिटिश नर्तक कथकमधूनच वर आलाय. "दादा, तिथे रिहर्सलचे पण पैसे देतात," हे तिचं वाक्य मला अजून आठवतं. आपल्याकडे कार्यक्रमाचे मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं.

अडचण

ऑगस्ट २०२४ मध्ये ती एक निळी प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आली. दहा वर्षांचं काम त्यात होतं. मी तासभर बघितली आणि पोटात गोळाच आला, कारण त्यात तिचं नाव जवळजवळ कुठेच नव्हतं.

पोस्टरवर काय असतं आपल्याकडे? गुरूंचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली 'व शिष्यवृंद'. पेपरातल्या बातमीत तेच, फोटोखाली 'कथक सादर करताना कलाकार'. मानधन पाकिटातून, त्यामुळे बँकेत नोंद नाही. आमंत्रणं सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर, 'ताई १४ ला मोकळ्या आहात का' एवढंच. कात्रणं होती पण निम्म्यांवर तारीख नाही, कारण आईने प्रेमाने नेमकं बातमीएवढंच कापलं होतं, वरची तारखेची पट्टी रद्दीत.

त्यात नावाचा घोळ. लग्नाआधीच्या कागदांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. म्हणजे तिकडच्या माणसाला वाटावं या दोन वेगळ्या बायका आहेत. हे आपल्याकडे घरोघरी आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, परदेशाची फाइल निघेपर्यंत.

कुठले रस्ते होते

स्टुडंट व्हिसा घरच्यांना आवडला होता. एमए करायचं, मग तिथेच काम शोधायचं. फी वीस हजार पौंडांच्या वर, हा एक प्रश्न. पण खरी मेख वेगळी, आणि ती खूप जणांना माहीत नसते: यूकेच्या स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड काम चालत नाही आणि एंटरटेनर म्हणूनही काम करता येत नाही. म्हणजे नर्तकीने शिकत असताना पैसे घेऊन कार्यक्रम करायचा नाही. दुकानात काउंटरवर उभी राहू शकते, स्टेजवर नाही. हा रस्ता तिथेच संपला.

क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा, वर्षापर्यंतचा. याला स्पॉन्सर लागतो आणि त्या स्पॉन्सरकडे होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याचं, लायसन्स लागतं. २०२३ वाल्या कंपनीला विचारलं, ते बिचारे चार माणसांचं ऑफिस, म्हणाले एका कलाकारासाठी लायसन्सची भानगड झेपणार नाही. त्यांचं काही चूक नाही.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन-येऊन करणं. आधी ठरलेलं पेड काम करता येतं, पण ते पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत. संसार हलवायला याचा उपयोग शून्य.

अमेरिकेचा ओ-१ (असामान्य कौशल्य असलेल्यांचा व्हिसा) पण बघितला, तिच्या मैत्रिणीला मिळाला होता. त्यातही अर्ज स्वतः करता येत नाही, अमेरिकेतली कंपनी किंवा एजंट लागतो, आणि नवऱ्याला ओ-३ वर, म्हणजे सोबत जाणाऱ्या घरच्यांच्या व्हिसावर, नोकरी करायला बंदी. हप्ता कोण भरणार मग.

राहिला यूकेचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा. स्पॉन्सर नको, नोकरीचं पत्र नको, फ्रीलान्स करा, शिकवा, काहीही करा, आणि नवऱ्याला डिपेंडंट म्हणून पूर्ण वेळ काम करता येतं. फक्त आधी एंडोर्समेंट मिळवायची, म्हणजे तुम्ही त्या दर्जाचे आहात अशी त्या क्षेत्रातल्या संस्थेची मान्यता. नृत्य, संगीत, नाटक, चित्रकला, साहित्य यांचे अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे तपासायला जातात. तीन शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त दहा पुरावे, आणि पुरावे गेल्या पाच वर्षांतलेच. यात दोन दर्जे: एक्सेप्शनल टॅलेंट, म्हणजे नाव झालेले, यांना तीन वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करता येतो. दुसरा एक्सेप्शनल प्रॉमिस, म्हणजे उमेदीतले, यांना कलाक्षेत्रात पाच वर्षं.

पहिला निर्णय, जो चुकला

डेक्कनला एक कन्सल्टंट गाठला होता. साडेतीन लाख मागितले, वर 'गॅरंटी'. साडेतीन लाख दिले नाहीत पण एक तासाची पेड मीटिंग घेतली आणि त्यातून दोन गोष्टी घेऊन आलो, दोन्ही महागात पडल्या. एक, "टॅलेंटलाच टाका, तीन वर्षांत काम होतं, प्रॉमिस कशाला." दुसरी, शिफारसपत्राचा तयार नमुना.

टॅलेंटला निदान दोन देशांत भरीव काम दाखवावं लागतं. आम्ही म्हटलं भारत आहे, अमेरिका आहे, इंग्लंड आहे, झाले की तीन. मग तारखा मांडल्या. अर्ज फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांची खिडकी फेब्रुवारी २०२० पासून. अमेरिकेचा दौरा २०१९ चा, तो बाहेर. खिडकीची पहिली दोन वर्षं करोनाने खाल्लेली, त्यात काय तर घरच्या हॉलमध्ये सोफा सरकवून केलेले ऑनलाइन कार्यक्रम. खरं म्हणजे इथेच थांबून प्रॉमिसकडे वळायला हवं होतं. मला तेव्हा शंका आली होती आणि मी बोललो नाही, कारण नवरा-बायको दोघंही तीन वर्षांच्या आकड्यावर भाळले होते आणि आपण कशाला पनवती बोला.

पत्रं तीन. एक इंग्लंडच्या कंपनीचं, एक पुण्यातल्या एका आयोजक ट्रस्टचं, एक गुरूंचं. गुरूंचं पत्र 'संस्था' म्हणून त्यांच्या क्लासच्या लेटरहेडवर. आता नियम असा की पहिली दोन पत्रं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळख असलेल्या कलासंस्थांची हवीत, त्यातली निदान एक यूकेची, आणि तिसरं पत्र संस्थेचं चालेल किंवा त्या क्षेत्रातल्या मान्यवर व्यक्तीचं. आम्ही ट्रस्टचं पत्र व्यक्तीचं म्हणून लावलं आणि क्लासचं संस्थेचं म्हणून. बरोबर उलटं.

आणि तिन्ही पत्रं त्या तयार नमुन्यावरून. तिन्हीत तीच विशेषणं, त्याच क्रमाने. गुरूंनी आपल्या मनाचं एकच वाक्य घातलं होतं, की ही अत्यंत नम्र, मेहनती आणि मला मुलीसारखी आहे. आपल्याकडे गुरूने शिष्येबद्दल याहून मोठं काय बोलावं, पण तपासणाऱ्याला त्यातून काय कळणार?

मीडियाचे पुरावे म्हणून आम्ही 'आज शहरात' छाप कात्रणं लावली. नियमातच लिहिलंय की कार्यक्रमाची जाहिरात किंवा नुसती नोंद चालणार नाही. वाचलं होतं सगळ्यांनी. पण हातात तेवढंच होतं म्हणून लावलं.

नकार आणि पुढचे २८ दिवस

एप्रिलमध्ये नकार आला. एंडोर्समेंटची फी तेव्हा ५२४ पौंड, पौंड ११० रुपयांच्या आसपास धरला तर सत्तावन्न हजारांवर रुपये गेले. ती दोन दिवस फोन उचलत नव्हती. कारणं मात्र स्पष्ट लिहिली होती: माध्यमांतली दखल पुरेशी नाही, दुसऱ्या देशातलं काम भरीव नाही, एक पत्र निकषात बसत नाही. रागाने वाचलं तेव्हा अन्याय वाटला, आठवड्याने शांतपणे वाचलं तेव्हा एकही मुद्दा खोडता येईना.

इथे दुसरा निर्णय होता. नकारानंतर २८ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो, त्याला फी नाही. नवऱ्याचं म्हणणं फुकट आहे तर मागून बघू. पण रिव्ह्यूत नवीन कागद जोडता येत नाहीत, जे दिलंय त्यावरच परत बघतात, म्हणजे तपासणाऱ्याची चूक असेल तरच फायदा. आमच्या केसमध्ये चूक आमचीच होती. शेवटी रिव्ह्यू मागितला नाही, आणि हा बहुतेक या सगळ्या प्रकरणातला आमचा पहिला शहाणपणा. नव्याने अर्ज, प्रॉमिसमधून, आणि मध्ये चार-पाच महिने घ्यायचे.

गुरूंशी बोलणं

या भागावर सगळ्यात कमी लिहिलं जातं आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

२०२३ मध्ये गुरूंनी एक मोठं प्रॉडक्शन केलं होतं, त्यातल्या दोन रचना हिने बसवलेल्या. सगळ्या ग्रुपला माहीत. पण ब्रोशरवर 'नृत्यरचना' पुढे एकट्या गुरूंचं नाव. हे वाईट हेतूने नाही, पद्धतच ती. शिष्येने जे केलं ते गुरूचंच. पण प्रॉमिसच्या फाइलमध्ये हेच तिचं सगळ्यात भक्कम काम होतं आणि कागदावर ते तिचं नव्हतं.

तिला विचारायची हिंमत होईना. "ताईंना असं कसं म्हणू, की मी बसवलं ते लिहून द्या?" तीन आठवडे ती क्लासला जायची आणि न बोलता परत यायची. शेवटी गुरुपौर्णिमा झाली, सगळ्या मुली गेल्यावर मागे थांबली आणि एकदाचं बोलली. ताई गप्प बसल्या म्हणे थोडा वेळ. मग म्हणाल्या, "अगं, मला माझ्या गुरूंकडे हे मागता आलं नव्हतं. आण तो कागद."

नवीन पत्र दीड पानाचं झालं, त्यात विशेषण जवळजवळ नाही. कुठल्या दोन रचना, किती मिनिटांच्या, कुठल्या तालात, किती प्रयोग झाले, त्यात हिचं काम काय आणि बाकीच्यांपेक्षा वेगळं काय. हे पत्र तिसरं, व्यक्तीचं म्हणून लावलं. संस्थांची दोन म्हणजे इंग्लंडची कंपनी आणि तो आयोजक ट्रस्ट, ज्यांचा महोत्सव देशभरात माहीत आहे. इंग्लंडच्या दिग्दर्शिकेला आम्ही नमुना न पाठवता फक्त चार प्रश्न पाठवले: हिला कशी ओळखता, हिने काय केलं, इथे आल्याने हिला काय मिळेल, आणि इथल्या नृत्याला हिच्याकडून काय मिळेल. तिने स्वतःच्या भाषेत लिहिलं आणि ते बघून कळलं खरं पत्र कसं असतं.

अजून एक छोटा वाद झाला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ, १९३२ पासूनचं, डॉलिस हिलला. ओळखीतून तिथलं पत्र मिळवता आलं असतं आणि सासऱ्यांचा फार आग्रह होता. मी नको म्हटलं. मंडळाबद्दल आदर आहेच पण नृत्यक्षेत्रातली संस्था म्हणून ते मोजलं जाईल याची खात्री वाटेना, आणि पत्राच्या तीनच जागा असतात.

दुसरी फाइल

कागद गोळा करायची पद्धतच बदलली. आयोजकांना एकेक करून फोन, 'तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, तारीख, हॉल, हिची भूमिका, मानधन'. काहींनी लगेच दिलं, एकाने मानधनाचा आकडा बघून "हे नको लिहायला" म्हणून टाळलं. कात्रणांच्या तारखांसाठी पेपरच्या जुन्या अंकांची पानं शोधून अख्खं पान मिळवलं, वर तारीख दिसेल असं. मराठी परीक्षण एकच खरं होतं, ज्यात समीक्षकाने तिच्या अभिनयावर एक परिच्छेद लिहिला होता, त्याचं सर्टिफाइड भाषांतर केलं. इंग्लंडच्या प्रयोगाचं एक ऑनलाइन परीक्षण होतं, त्यात तिचं नाव होतं, आणि हे पहिल्या फाइलमध्ये आम्ही लावलंच नव्हतं कारण त्यात एक ओळ जरा टीकेची होती! केवढा मूर्खपणा.

नावाच्या घोळासाठी लग्नाचं सर्टिफिकेट आणि एक पानाचं साधं स्पष्टीकरण, की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती.

दहा पुरावे लावता येतात म्हणून दहा लावायचा मोह होतो. दुसऱ्या वेळी आठच लावले. तीन प्रकारांपैकी, म्हणजे माध्यमं, पुरस्कार, आणि प्रयोग, किमान दोन प्रकार दाखवायचे असतात. पुरस्काराचा नाद सोडला, कारण पुण्यातल्या 'युवा गौरव' छाप ट्रॉफ्या तिकडे कुणाला समजावणार.

पैशाचं गणित

ऑक्टोबरच्या शेवटी एंडोर्समेंट आली. त्यानंतर तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करायचा असतो. त्याची फी २०५ पौंड, पण खरा झटका हेल्थ सरचार्जचा (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचे पैसे), माणशी वर्षाला १०३५ पौंड, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा मागाल तेवढा एकदम आधी. व्हिसा एक ते पाच कितीही वर्षांचा मागता येतो. दोघांचे पाच वर्षांचे म्हणजे १०,३५० पौंड, साडेअकरा लाखांच्या जवळ, फक्त सरचार्ज. डिपेंडंटची फी ७६६ पौंड वेगळी.

पाच वर्षांचा एकदम घेतला तर मधे एक्स्टेन्शनची फी वाचते आणि सरचार्ज वाढला तरी फरक पडत नाही (फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ६२४ वरून एकदम १०३५ झालाय, म्हणजे भीती खोटी नाही). पण एवढे पैसे आणायचे कुठून, आणि तिथे काम जमलंच नाही तर? शेवटी तिने एकटीने तीन वर्षांचा घेतला, नवरा इथेच नोकरीत, हप्ता चालू. जमलं की तो जाईल.

याची दुसरी बाजू आम्ही उशिरा बघितली. नवऱ्याचं कायम वास्तव्याचं पाच वर्षांचं घड्याळ त्याचा डिपेंडंट व्हिसा लागल्यापासून सुरू होणार, तिच्यापासून नाही. तो जितका उशिरा जाईल तितका तो मागे राहणार. माझं मत विचाराल तर पैसे नव्हते तेव्हा निर्णय बरोबरच, पण तो हे माहीत असताना घ्यायला हवा होता.

बाकी टीबीची टेस्ट, व्हीएफएसच्या व्हिसा सेंटरला बोटांचे ठसे, हे सरळ झालं. पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा आता नाही, ईव्हिसा असतो, म्हणजे फक्त ऑनलाइन नोंद, त्यामुळे सासूबाईंना शेवटपर्यंत विश्वास बसेना की व्हिसा आलाय.

निकाल

जानेवारी २०२६ मध्ये गेली. पश्चिम लंडनमध्ये एका घरात खोली, आठवड्यातून तीन दिवस मुलांचे क्लास, त्याच कंपनीच्या नव्या प्रॉडक्शनच्या रिहर्सल. रिहर्सलचे पैसे खरंच मिळतात, मात्र त्यातले बरेच खोलीच्या भाड्यात जातात.

परत करायचं झालं तर

फाइल बांधायला अर्जाच्या सहा महिने आधी नाही, दोन वर्षं आधी बसेन. आणि सुरुवात पाच वर्षांच्या खिडकीपासून करेन: एका कागदावर तारखा, पुढे काम, पुढे त्या कामाचा कागद आहे का नाही. हा तक्ता पहिल्या दिवशी केला असता तर टॅलेंटला अर्ज गेलाच नसता.

गुरूंशी बोलणं पहिल्या अर्जाआधी व्हायला हवं होतं, हे ती स्वतः म्हणते. मी त्यात एवढंच जोडेन की मला शंका होती तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.

आता तिच्या फोनमध्ये दोन एक्सेल आहेत. एकात यूकेच्या बाहेर राहिलेले दिवस, कारण कायम वास्तव्यासाठी कुठल्याही बारा महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर चालत नाही आणि हिवाळ्यातले पुण्यातले कार्यक्रम तिला सोडवत नाहीत. दुसऱ्यात नृत्यातून झालेली कमाई, पावत्यांसकट, कारण एक्स्टेन्शनला तीच दाखवावी लागणार. आणि गेल्या महिन्यात ताईंच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाचं पोस्टर आलं ग्रुपवर. 'व शिष्यवृंद' च्या जागी अकरा मुलींची नावं आहेत, छोट्या अक्षरात, दोन ओळींत.